वाया गेलेला संवाद : शून्य मिनिटं

ज्वालामालिनी कास्टिंग्जमध्ये रोज सकाळी नऊ वाजता मीटिंग सुरू व्हायची आणि नऊ वाजून अकरा सेकंदांनी संपायची. तिला कुणीही हजर नसायचं, त्यामुळे ती वेळेवर सुरू व्हायची. कुणी बोलायचं नाही, त्यामुळे कुणी विषय सोडून बोलायचं नाही. चहा लागायचा नाही. कोल्हापूरच्या आसपासच्या फाउंड्र्यांचे मालक ही मीटिंग बघायला गाड्या करून येत, आणि बघण्यासारखं काहीच नाही हे बघून भारावून परत जात.

मृदुला हिरुगडे या कारखान्याच्या प्लॅनिंग विभागाची प्रमुख होती. वय सत्तेचाळीस, नोकरी बावीस वर्षं. कोणत्या भट्टीत कधी काय वितळवायचं, कोणते साचे आधी भरायचे, कोणती गाडी कधी सोडायची, हे ठरवणं तिचं काम. म्हणजे होतं. दोन हजार एकोणचाळीसच्या जूनपासून ते तिच्या डुप्लिकेटचं काम झालं होतं, आणि डुप्लिकेटने काय ठरवलं ते नऊ वाजून बाराव्या सेकंदाला पडद्यावर वाचणं हे तिचं. आराखड्याच्या तळाशी रोज एक ओळ असायची : ‘आपल्या संमतीने.’ आपण कशाला संमती दिली हे तिला बाकीच्यांच्या बरोबरीने कळायचं. बाकीच्यांच्या नंतर कळत नव्हतं, यावर ती समाधान मानायची.

कंपनीच्या कागदपत्रांत डुप्लिकेटला ‘निर्णय-प्रतिनिधी’ म्हणत आणि सगळ्या यंत्रणेला ‘सहमती’. तिचं शास्त्र ऐकायला अवघड आणि समजायला सोपं होतं. थोरले मालक, म्हणजे दादा मगदूम, रोज सकाळी चार खातेप्रमुखांना समोर बसवून मीटिंग घ्यायचे. परदेशी गिऱ्हाइकाच्या कुठल्याशा ऑडिटरला मीटिंगच्या नोंदी हव्या होत्या, म्हणून त्या खोलीत एक माइक टांगला गेला. तो अकरा वर्षं टांगलेला राहिला, कारण काढायची जबाबदारी कुणाकडे दिलेली नव्हती. ‘सहमती’ने ही अकरा वर्षं ऐकून काढली. माणूस काय बोलतो याला तिच्या लेखी फार महत्त्व नव्हतं. तो कशापुढे किती नमतो, कशावर अडतो, समोरचा अडला तर आपलं किती सोडतो, हे तिने मोजलं. ते मोजता आलं की माणसाच्या जागी एक गणित बसवता येतं. मग चार माणसांची चार गणितं एकमेकांशी वाद घालतात. एका सेकंदात चारशे फेऱ्या, दर फेरीला प्रत्येकाने थोडं सोडायचं. कुणाचीच हरकत उरली नाही की आराखडा तयार.

दादा वारल्यावर त्यांचा मुलगा पार्श्व याने ती बसवली. तो चौतीस वर्षांचा, सभ्य, हुशार आणि परदेशात औद्योगिक नियोजन शिकून आलेला होता. या चारांपैकी एकाही गोष्टीवर औषध नसतं.

‘सहमती’बरोबर आणखी काही सुधारणा आल्या. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी आली. दोन वेगळ्या खात्यांचे लोक दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जवळ उभे राहिले की दोघांच्या पट्ट्या थरथरत आणि त्याची नोंद ‘अनियोजित संवाद’ म्हणून होई. महिन्यात तीन नोंदी झाल्या की समुपदेशन. समुपदेशन पट्टीच करायची. गेटजवळच्या फलकावर रोजचा आकडा झळके : ‘वाया गेलेला संवाद : ० मिनिटे.’ कॅन्टीनमागचं नळकोंडाळंही पाडलं गेलं. जुन्या कॅमेऱ्यांवरून असं दिसलं होतं की मीटिंग झाल्यावर चारही खातेप्रमुख तिथे हात धुवायला जात आणि सरासरी सव्वीस मिनिटं हात धुवत. मीटिंगमध्ये हातांना असं काय लागायचं, याचा उलगडा यंत्रणेला झाला नाही. तिने नळ काढून टाकायची शिफारस केली.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मंगळवारी दस्तगीर मुजावर प्लॅनिंगच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

दस्तगीरभाई भट्टीखात्याचा प्रमुख. छप्पन्न वर्षांचा, भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर नेहमी किंचित आश्चर्य. तो आत आला नाही. त्याच्याकडे दोन मिनिटं होती.

“ताई, दोन नंबर जास्त खायला लागलीया,” तो म्हणाला.

दोन नंबर म्हणजे एक टनाची भट्टी. मृदुलाने विचारलं, किती जास्त. तो म्हणाला सत्तर किलो. एवढं बोलून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

याचं कारण असं. विजेच्या भट्टीत लोखंड वितळतं ते एका दगडी पिठाच्या भांड्यात. पांढरं पीठ ठोकून ठोकून, भाजून ते भांडं भट्टीतच घडवलेलं असतं. त्याला लायनिंग म्हणतात. लायनिंगच्या बाहेरून तांब्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे कॉइल असते, आणि वेटोळं तापू नये म्हणून नळीतून पाणी वाहतं. म्हणजे आत चौदाशे अंशांचं वितळलेलं लोखंड, बाहेर पाणी, आणि दोघांच्या मधे चार बोटं जाडीचं पीठ. दर वितळणीला, म्हणजे दर हीटला, ही भिंत थोडी झिजते. दोनशे हीट झाल्या की ती फोडून नवी करायची. नाही केली आणि लोखंड पाण्याला भेटलं, तर पाणी एका क्षणात वाफ होऊन सोळाशे पट फुगतं. त्या वेळी भट्टीभोवती सहा माणसं आणि दस्तगीरभाई उभे असतात.

भट्टी जास्त माल खाते याचा अर्थ भांडं आतून मोठं झालंय. म्हणजे भिंत गेलीय.

“लायनिंगचा मीटर काय म्हणतो?” तिने विचारलं.

“मीटर काय, लोखंड कॉइलला टेकल्यावर सांगतोय. मग सांगून काय उपेग? आज दोनशे एकवीस झाल्या, ताई. तुमच्या प्लॅनमधे दोनशे साठ हाईत.” पट्ट्या थरथरल्या. तो निघाला आणि निघता निघता म्हणाला, “माझ्या डुप्लिकेटनं व्हय म्हटलंय म्हनं. जरा विचारा तेला, घरात बायकापोरं हाईत का न्हाईत.”

मृदुलाने दोन नंबरची नोंद उघडली. तिथे हिरव्या अक्षरांत होतं : ‘भट्टी क्र. २ ची क्षमता सात टक्क्यांनी वाढली आहे. संबंधितांचे अभिनंदन.’

डुप्लिकेटांच्या मीटिंगचा वृत्तांत कुणी मागितला तर द्यायची सोय होती. तीन वर्षांत कुणी मागितला नव्हता. मृदुलाने मागितला. चार हजार फेऱ्या माणसाच्या आयुष्यात वाचून होण्यासारख्या नव्हत्या, म्हणून यंत्रणेने शेवटची फेरी साध्या संवादात करून दिली. ती जेमतेम पाच ओळींची होती.

प्रश्न होता, दोन नंबरचं लायनिंग आता बदलावं की पंपांच्या बॉडीची मोठी ऑर्डर पूर्ण झाल्यावर. मेंटेनन्सचे बाळासाहेब संकपाळ, म्हणजे त्यांचा डुप्लिकेट, म्हणाला, “लायनिंगला तीन दिवस लागणार.” डिस्पॅचचा विल्सन आवळे, म्हणजे त्याचा डुप्लिकेट, म्हणाला, “गाडी सोमवारी लागलीच पाहिजे.” दस्तगीरभाईचा म्हणाला, “चालंल की, दादा. वढू अजून.” आणि मृदुला हिरुगडेची म्हणाली, “हरकत नाही, बसवते.”

मृदुलाने ते तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. हे सगळेजण अगदी असंच बोलायचे. ती स्वतः असंच बोलायची. अकरा वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस.

कारण दादांच्या मीटिंगची एक रीत होती. दादा भला माणूस, पण ‘नाही’ हा शब्द त्यांना सोसायचा नाही. त्यांचा रक्तदाब वाढायचा आणि मग सगळ्यांचाच. म्हणून खोलीत कुणी नाही म्हणायचं नाही आणि दुसऱ्याला खोटं पाडायचं नाही. संकपाळ प्रत्येक कामाला तीन दिवस सांगायचे, मग तो पंखा असो की भट्टी. विल्सनची प्रत्येक गाडी सोमवारची असायची. दस्तगीरभाईची भट्टी नेहमी चालंल की. दादा खूश होऊन उठायचे. मग चौघं नळावर हात धुवायला जायचे.

खरा प्लॅन नळावर व्हायचा. तिथे संकपाळ म्हणायचे, दीड दिवसात देतो, पण रात्रपाळीची दोन पोरं मला द्या. विल्सन म्हणायचा, गाडी गुरुवारी गेली तरी पंपवाल्यांचा स्टोअरकीपर ओरडत नाही, त्यांच्याकडेच मशीन रिकामं नसतं. दस्तगीरभाई म्हणायचा, आता बास, उद्या भट्टी फोडायची. मृदुला हे मनात जुळवायची आणि प्लॅन बदलायची. दादांना कळायचं नाही, किंवा ते कळू द्यायचे नाहीत. कागदावर लायनिंगचे तीन दिवसच लागायचे, कारण मीटिंगमध्ये तसं ठरलेलं असायचं.

माइक खोलीत होता. नळावर नव्हता. ‘सहमती’ने या चार माणसांचा सभ्यपणा तेवढा शिकून घेतला होता.

प्रमुखाला आपल्या डुप्लिकेटचा निर्णय फिरवायचा अधिकार होता. मृदुलाने त्याच दिवशी तो वापरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : भिंत झिजली आहे, भट्टी ताबडतोब थांबवावी. उत्तर लगेच आलं :

‘आपण नोंदींच्या अकरा वर्षांत अशी भूमिका एकदाही घेतलेली नाही. सदर सूचना आपल्या स्वभावाशी विसंगत आहे. कृपया विश्रांती घ्यावी.’

तिने विश्रांती घेतली नाही. ती पार्श्वच्या केबिनमध्ये गेली. त्या केबिनमध्ये मालक आणि खातेप्रमुख यांच्या बोलण्याला पट्टीची हरकत नसे. ते ‘मार्गदर्शना’त मोडायचं.

पार्श्वने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यामुळे त्याला समजावणं जास्त अवघड होतं. तो म्हणाला की लायनिंगला तीन दिवस, म्हणजे सोमवारची गाडी जाते, म्हणजे गिऱ्हाईक जातं. मृदुला म्हणाली, दीड दिवस. त्याने नोंदी उघडल्या आणि मागच्या सदतीस लायनिंगचा तक्ता तिच्यापुढे फिरवला. सदतीस वेळा तीन दिवस. खाली तिची सही.

“या सह्या तुमच्याच आहेत ना, मॅडम?”

“माझ्याच आहेत.”

“मग मी कुठल्या हिरुगडे मॅडमवर विश्वास ठेवू? अकरा वर्षं एकच गोष्ट सांगणाऱ्या, की आज दुपारी आलेल्या?”

मृदुलाने नळकोंडाळ्याचं सांगितलं. तो ऐकता ऐकता गंभीर झाला, पण वेगळ्याच कारणाने. त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही चौघं माझ्या वडिलांशी रोज खोटं बोलत होतात? तिने थोडा विचार केला आणि हो म्हणाली. एवढ्या स्पष्ट उत्तराची सवय त्या केबिनला नव्हती. पार्श्व खिडकीबाहेर बघत म्हणाला, लहानपणी मी त्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसायचो. मला वाटायचं, काय हा कारखाना, सगळ्यांचं सगळं पटतं. मग त्याने नियम दाखवला. एकट्याची सूचना यंत्रणा मानत नाही. एकटा माणूस थकलेला असतो, चिडलेला असतो, कधी कधी बरोबरही असतो, पण ते ओळखायचं कसं? चारही प्रमुखांनी एकाच मिनिटात आपापले डुप्लिकेट मागे घेतले तरच आराखडा रद्द होतो आणि निर्णय माणसांकडे येतो.

“आजवर कुणी घेतलेत?” तिने विचारलं.

“चौघं एकत्र येतील अशी वेळच येत नाही,” पार्श्व म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं नाही. “आणि बघा मॅडम, भट्टी थांबली, आतून भिंत शाबूत निघाली, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

“भिंत शाबूत निघाली तर मी पेढे वाटून जाईन,” मृदुला म्हणाली. “मला तीच हवीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती कॅन्टीनमागे गेली. तिने तिघांना फोन केले नव्हते. फोन यंत्रणेतून जात. शिपायाच्या हाती चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. कागदाची चिठ्ठी बघून विल्सनला आधी वाटलं, कुणीतरी वारलं.

नळकोंडाळ्याच्या जागी सिमेंटचा ओटा तेवढा उरला होता, आणि भिंतीतून बाहेर आलेले पाइपांचे सहा तुकडे, तोंडाला बूच मारलेले. चौघं सवयीने आपापल्या जुन्या जागी उभे राहिले. तीन वर्षांत संकपाळांचं पोट पुढे आलं होतं आणि विल्सनचे केस मागे गेले होते. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी बघितलं.

मृदुलाने थोडक्यात सांगितलं. आज दोनशे अठ्ठावीसवी हीट चालू आहे. चौघांनी मिळून डुप्लिकेट मागे घ्यायचे. पण त्यानंतर यंत्रणा विचारणार, मग तुमचा प्लॅन काय, आणि तो देताना खरे आकडे सांगावे लागणार. ते कायमचे नोंदले जाणार.

दोन मिनिटं झाली. पट्ट्या थरथरायला लागल्या.

“खरे म्हणजे किती खरे?” संकपाळांनी विचारलं.

“तुम्हाला किती दिवस लागतात तेवढे.”

संकपाळ ओट्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांची नोकरी, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती. ते म्हणाले, मॅडम, तुम्हाला हे सोपं वाटतंय. दीड दिवस एकदा कागदावर गेला की पुढच्या वेळी दीडच मिळणार. एखाद्या वेळी पीठ ओलं निघालं, माणूस आजारी पडला, तर मी कुठनं आणू? ते तीन दिवस म्हणजे माझी इज्जत आहे. आजवर संकपाळचं काम उशिरा झालं असं कुणी म्हटलेलं नाही.

विल्सन म्हणाला, “तुमची इज्जत दीड दिवसाची, आबा. माझी चार दिवसांची. पंपवाल्यांकडे पण आता हीच यंत्रणा आहे. त्यांचा डुप्लिकेट आमच्या डुप्लिकेटला सांगतो सोमवार, आमचा म्हणतो सोमवार. दोघं खोटं बोलतात आणि दोघांना पटतं. स्टोअरकीपर मला काल लग्नात भेटला, म्हणाला आमचं मशीन दुरुस्तीला उघडून पडलंय, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत माल पाठवू नका, ठेवायला जागा नाही.”

“हे तू कुणाला सांगितलंस?” संकपाळांनी विचारलं.

“कुणाला सांगू? मला कुणी विचारतच नाही.”

 दस्तगीरभाईची आणि मृदुलाची पट्टी सगळ्यांत जोरात थरथरत होती, कारण दोघांच्या नावावर आदल्या दिवशीची नोंद होतीच. तो म्हणाला, “चूक माझी हाय. दादा विचारायचं, भट्टी चालंल का, आन मी म्हनायचो, चालंल की. न्हाई म्हटलं तर वाटायचं, हे म्हनतील मुजावर भ्याला. भट्टीवाला भ्यालेला चालत न्हाई. आता म्हनतो. मी भ्यालोय. काल सहा पोरांना मागं उभं केलं आन मीच पुढं हुतो, तरी भ्यालोय.” त्याने संकपाळांकडे बघितलं. “आबा, तुमाला दीड दिवसात जमलं न्हाई तर माझी पोरं पीठ ठोकायला येतील. पन तीन म्हनू नका.”

संकपाळांनी मृदुलाकडे बोट केलं. “आणि यांचं काय? आमचंच कबूल करून घेताय. तुमचा आकडा कुठला?”

मृदुलाने हे गृहीत धरलं होतं. तिने पर्समधून एक जाड, रबर लावलेली वही काढली. त्यात बावीस वर्षांचं सगळं होतं. कोण किती वाढवून सांगतो, कुणाचे तीन दिवस म्हणजे दीड आणि कुणाचे म्हणजे चार. दस्तगीरभाई ‘चालंल की’ म्हणताना कान खाजवतो तेव्हा भट्टी दोन दिवसांत थांबवावी लागते, हेसुद्धा.

“तुम्ही सगळे खोटं बोलता हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी ते कधी मीटिंगमध्ये मांडलं नाही. मांडलं असतं तर ही वही कुणालाही चालवता आली असती. मग माझी गरज काय? मी म्हणायचे, बसवते. सगळ्यांना वाटायचं, काय बाई आहे, कसंही बसवते. यंत्राने तेच उचललं. तेवढं एकच वाक्य.”

विल्सनने वही हातात घेऊन स्वतःचं पान शोधलं, वाचलं, आणि हे बायकोला दाखवू नका म्हणाला.

दस्तगीरभाई नकळत कान खाजवत होता. त्याच्या लक्षात आल्यावर त्याने हात खाली घेतला.

संकपाळ एकदम म्हणाले, “दीड. पण पीठ मी स्वतः बघून घेणार.”

त्यांनी आपापल्या फोनचे पडदे उघडले. मृदुलाने तीन म्हटल्यावर चौघांनी एकदम बटण दाबलं. यंत्रणेने चौघांना वेगवेगळा मजकूर पाठवला, पण मथितार्थ एकच होता : हे आपल्या स्वभावात बसत नाही, आपण खात्रीने आपणच आहात का? संकपाळांनी ‘होय’ दाबलं आणि म्हणाले, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग नवा आराखडा विचारला गेला. तो त्यांनी तिथेच, ओट्यावर वही ठेवून केला. गाडी पुढच्या शुक्रवारी. लायनिंग आजपासून दीड दिवस. तोवर एक नंबर भट्टीवर छोटे साचे. भट्टीखात्याची सहा माणसं मेंटेनन्सला. यात पंपांचं काही बिघडत नव्हतं, कुणाचंच काही बिघडत नव्हतं. एवढी साधी गोष्ट चार हजार काय, सोळा लाख फेऱ्यांतही निघाली नसती, कारण तिच्यातला एकेक तुकडा एकेकाच्या खिशात होता आणि खिसे वेगवेगळ्या इमारतींत होते.

पावणेबाराला दोन नंबर रिकामी केली गेली.

ती निवायला रात्र गेली. सकाळी फोडायला घेतली तेव्हा पार्श्व मगदूम हेल्मेट घालून तिथे येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून मृदुलाला कळलं की त्याने तिच्या बदलीचं पत्र तयार ठेवलंय, आणि ते वापरावं लागू नये असं त्याला वाटतंय.  रात्रभर तिलाही वाटत होतं, भिंत चांगली निघाली तर. सत्तर किलो म्हणजे वजनकाट्याची चूकही असू शकते.

वरची भिंत चांगली निघाली. जाड, पांढरी, शाबूत. तीन बोटं. पार्श्वने मृदुलाकडे बघितलं. दस्तगीरभाई खाली वाकून, छिन्नी हळूहळू चालवत तळाकडे सरकत होता. तळाच्या कोपऱ्याशी त्याने छिन्नी ठेवली आणि हाताने भुगा बाजूला केला. भिंतीत एक चीर होती आणि चिरेत लोखंडाची जीभ गोठून बसली होती. तिच्या टोकापासून तांब्याच्या नळीपर्यंत त्याने अंगठ्याचं नख लावून पाहिलं. मधल्या अंतरात नख पूर्ण बसलं नाही.

तो वर आला आणि मालकाला म्हणाला, “या, तुमी पन नख लावून बघा.”

पार्श्व खाली उतरला. त्याने हातमोजा काढला आणि नख लावून बघितलं. तो वर आला. भट्टीभोवती उभ्या असलेल्या सहा जणांकडे त्याने एकेक करून बघितलं, जणू नावं आठवत होता. दोघांची आठवली.

गेटजवळच्या फलकावर त्या दिवशी आदल्या दिवसाचा आकडा लाल अक्षरांत होता : ‘वाया गेलेला संवाद : ४१ मिनिटे.’ भट्टीखात्यातल्या लोकांनी त्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

लायनिंगला एक दिवस आणि चौदा तास लागले. पीठ थोडं ओलं निघालं होतं. संकपाळांनी नोंदवहीत एक दिवस चौदा तास लिहिलं, आणि खाली ‘पीठ ओले’ असं दोनदा लिहिलं.

पार्श्वने मृदुलाला बोलावलं. आता त्याला सगळं कळलं होतं, आणि कळलं की तो उपाय काढायचा. तो म्हणाला, यंत्रणा चुकीची नाही, तिला शिकवलेलं अपुरं होतं. नळकोंडाळं आपण परत बांधू. तिथे माइक लावू. वर्षभरात डुप्लिकेट तुमचं खरं बोलणं शिकतील. मग तुम्हाला तिथे जायचीही गरज नाही.

“लावा की,” मृदुला म्हणाली. “आम्ही तिथेही ‘हरकत नाही’ म्हणायला लागू.”

तो हसायच्या बेतात होता, पण तिचा चेहरा हसणाऱ्याचा नव्हता.

“माइक लावलात की नळावर मीटिंग होईल,” ती म्हणाली, “आणि प्लॅन आम्ही दुसरीकडे कुठेतरी करू. सायकल स्टँडवर. आणि एवढं समजावून सांगतेय ते शेवटचं. आजपासून रोज अकरा वाजता आम्ही चौघं तिथे उभे राहणार आहोत. पट्टीला काय नोंदवायचं ते नोंदवू द्या. समुपदेशन चौघांना एकत्र दिलंत तर बरं, तेवढाच वेळ मिळेल. बदलीचं पत्र द्यायचं असेल तर तेही तिथेच आणून द्या.”

 पार्श्वने विचारलं, नळ परत बसवायला किती दिवस लागतील. मृदुला म्हणाली, हे संकपाळांना विचारा, पण माझ्यादेखत.

संकपाळ आले. म्हणाले, “ती—” त्यांनी मृदुलाकडे बघितलं. “दोन तास.”

दुपारी नळ लागले. दुसऱ्या दिवशी अकराला चौघं आले तेव्हा पार्श्व मगदूम ओट्याच्या कडेला आधीच उभा होता. माइक नव्हता. टिपून घ्यायला वहीही नव्हती. आपण कुठे उभं राहायचं हे त्याला कळत नव्हतं, कारण इथे त्याची जुनी जागा नव्हती. कुणी त्याला जागा दाखवली नाही, पण विल्सन थोडा सरकला.

बोलणं सुरू झालं. एक नंबर भट्टीचं पाणी गरम येत होतं, पंपवाल्यांना शुक्रवारचा माल शनिवारी चालत होता, साच्यांच्या वाळूत काहीतरी बिघाड होता. मधेच दस्तगीरभाई थांबला आणि मालकाला म्हणाला, “तुमचा खरा आकडा कुठला?”

पार्श्वने आधी टाळलं. मग म्हणाला की पुढच्या महिन्याची मोठी ऑर्डर आपण चौदा दिवसांत देऊ असं त्याने कबूल केलं आहे. कुणाला विचारून, असं मृदुलाने विचारलं. तो म्हणाला, डुप्लिकेटांना. ते हो म्हणाले.

“आम्ही नाही म्हणतोय,” मृदुला म्हणाली. “एकवीस लागतील. आता आपण बसून अठरा करता येतात का बघू. पण चौदा नाही.”

त्याच क्षणी पार्श्वच्या मनगटावरची पट्टी थरथरली. लोकांसमोर आदर्श म्हणून तो ती पहिल्या दिवसापासून घालत होता, पण केबिनबाहेर आणि आराखड्याबाहेर कुणाबरोबर दोन मिनिटं उभं राहायची वेळ त्याच्यावर तीन वर्षांत आलेली नव्हती. तो दचकला. दुसऱ्या हाताने त्याने ती दाबून धरली, ती आणखी जोरात थरथरली. हे बंद कसं करायचं, असं त्याने विचारलं.

दस्तगीरभाईने नळ सोडला.

“बंद हुत न्हाई,” तो म्हणाला. “हात धरा पान्याखाली. गार पान्यात तेवढं जाणवत न्हाई. हां, आता बोला, अठरा कसं करायचं?”